सौर पंप घेण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोजा



मोर्शी तालुक्यात रिद्धपूरच्या बाजूने शिवारात फेरी मारली, तर संत्र्याच्या बागांच्या धुऱ्यावर ठिकठिकाणी लोखंडी चौकटीवर चढवलेली सौर पॅनेल दिसतात. आपण त्यांना सोपेपणाने 'प्लेटा' म्हणतो. पंधरा वर्षांपूर्वी हे दृश्य क्वचितच दिसे. आज ज्याच्याकडे प्लेटा नाहीत, त्याने अर्ज तरी केलेला असतो, किंवा अर्ज करावा की नाही या विचारात तो असतो. प्रस्तुत लेख मुख्यतः या शेवटच्या शेतकऱ्यासाठी आहे.

सौर पंप चांगला की वाईट, हा वाद येथे घालावयाचा नाही. रात्रीच्या ओलितातून सुटका करणारे साधन चांगलेच म्हणावे लागेल. प्रश्न एवढाच आहे की पंप किती अश्वशक्तीचा घ्यावा हे आपण शासनाच्या तक्त्यावरून ठरवणार की आपल्या विहिरीवरून ठरवणार?

शासन प्लेटा का देते?

अनुदानाचा पंप दारात आला की तो का आला याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो करणे मात्र उपयोगाचे आहे, कारण देणाऱ्याची गरज आणि घेणाऱ्याची गरज नेहमी एकच असते असे नाही.

महाराष्ट्रात शेतीची वीज अनेक वर्षे कोळशावरच चालत आली. आपल्या वऱ्हाडात अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक केंद्र सर्वांच्या परिचयाचे आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १३५० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला, तेव्हा त्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून मोठा वाद झाला. सिंभोऱ्याचे हे धरण आपल्याच मोर्शी तालुक्यात आहे. ओलितासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी वीज तयार करण्यासाठी जावे आणि त्या विजेची शेतकऱ्याने रात्री दोन वाजता वाट पाहावी, हा विरोधाभास त्या वेळी अनेकांना जाणवला होता. विजेला पाणी लागते आणि पाण्याला वीज लागते, ही गोष्ट या निमित्ताने लक्षात ठेवावी.

शेतीची वीज वीज कंपनीला महाग पडते. लांबच लांब तारांतून ती आणावी लागते, वाटेत गळती होते, आणि शेतकऱ्याकडून दर कमी घेतला जात असल्याने तोटा कारखानदार व इतर ग्राहकांच्या दरातून आणि शासनाच्या तिजोरीतून भरून काढावा लागतो. दुसरीकडे, २०१५ च्या पॅरिस करारानंतर भारताने कोळशाशिवायच्या विजेचे प्रमाण वाढवण्याचे जगाला आश्वासन दिले आहे. २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारण्याचे व २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. देशाच्या एकूण स्थापित वीज क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म स्रोतांची झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर करण्यात आले. आपल्यासारख्या विकसनशील देशाला विजेची गरज वाढवायची आहे आणि धूर मात्र वाढू द्यायचा नाही. दिवसा लागणारी शेतीची वीज सूर्यावर टाकणे हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण ऊन आणि ओलित दोन्ही दिवसाच चालू शकतात.

म्हणून २०१९ मध्ये केंद्राची 'पीएम-कुसुम' योजना आली. आपल्या राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना आणि २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. या शेवटच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्ती असा पंप जमिनीच्या क्षेत्रानुसार ठरवला आहे. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमाही त्यात आहे.

या तक्त्याकडे बारकाईने पाहावे. त्यात जमीन किती हे विचारले आहे. पाणी किती खोलावर आहे आणि विहीर दिवसाला किती देते, यावर त्यातील अश्वशक्ती ठरत नाही. वीज नियोजनाच्या दृष्टीने ते सोयीचे असेल, कारण सातबारा पाहून निर्णय घेता येतो. आपल्या दृष्टीने तेवढे पुरेसे नाही.

अश्वशक्ती आणि खोली यांचा हिशेब

सौर पंपाची ताकद उन्हावर ठरते. ५ अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ५ किलोवॅटची पॅनेल असतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यांच्यापासून २० ते २५ युनिट वीज मिळते असे धरावे. एक लाख लिटर पाणी ३० मीटर (सुमारे १०० फूट) वर उचलण्यास, पंप व मोटारीतील तूट धरून, १८ ते २० युनिट लागतात. म्हणजे ३० मीटर एकूण उंचीला ५ अश्वशक्तीचा सौर पंप दिवसाला एक ते सव्वा लाख लिटर पाणी देईल. उंची दुप्पट झाली की पाणी निम्मे होते. ६० मीटरला सुमारे ६० हजार लिटर व ९० मीटरला ४० हजार लिटर एवढेच हाती येते.

येथे 'एकूण उंची' म्हणजे फक्त विहिरीची खोली नव्हे. पंप चालू असताना पाणी जेथे उतरून थांबते तेथपासून मोजावे, त्यात ठिबकसाठी लागणारा दाब (१ किलो दाब म्हणजे १० मीटर उंची) व पाइपातील घर्षण मिळवावे. समजा विहिरीत पाणी १५ मीटरवर आहे, ठिबकला १२ मीटर लागतात आणि घर्षणाचे ३ मीटर. असे ३० मीटर झाले. बोअरमध्ये पाणी ७५ मीटरवर असेल तर हाच आकडा ९० मीटरवर जातो.

आता बागेची गरज पाहू. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर एकरात ११० च्या आसपास झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या संत्र्याच्या झाडाला मे महिन्यात ठिबकने रोज १५० ते २०० लिटर पाणी लागते. म्हणजे एकराला दिवसाला साधारण १९ हजार लिटर. पाच एकर बागेला ९५ हजार लिटर.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. उथळ विहीर असेल तर ५ अश्वशक्तीचा सौर पंप पाच एकर बाग मे महिन्यातही सांभाळू शकतो. तोच पंप खोल बोअरवर बसवला तर दोन एकरांच्या वर जात नाही. हा हिशेब न करता पंप घेतलेले शेतकरी पहिल्याच उन्हाळ्यात म्हणतात, "सोलर चालत नाही." अशा वेळी बहुधा पंपात दोष नसतो; पाणीच खोल गेलेले असते.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. सकाळी नऊपूर्वी आणि दुपारी चारनंतर पंपाचा दाब कमी राहतो. त्या वेळी सर्व बागेचे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर शेवटच्या ओळीतील झाडे कोरडी राहतात. बागेचे तीन-चार भाग पाडावेत आणि उन्हाचा जोर असताना लांबच्या भागाला पाणी द्यावे. शेततळे किंवा टाकी असल्यास कमी दाबाच्या वेळी ती भरून घ्यावी. प्लेटांवर धूळ बसली की वीज घटते. आठ-दहा दिवसांनी सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने धुवावीत. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये. धुऱ्यावरच्या बाभळीची सावली एका कोपऱ्यावर जरी पडत असली तरी नुकसान वाटते त्यापेक्षा बरेच जास्त होते.

आपल्या खालचे पाणी

हा भाग या लेखाचा खरा विषय आहे.

मोर्शी व वरूड तालुके भूजलाच्या शासकीय मूल्यांकनात अनेक वर्षे अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. जमिनीत जेवढे मुरते त्यापेक्षा जास्त आपण उपसतो, असा त्याचा अर्थ. २०१८-१९ च्या दुष्काळात या भागातील कित्येक संत्रा बागा उभ्या वाळल्या. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांची झाडे स्वतःच्या हाताने तोडली, त्यांना आकडेवारी सांगण्याची गरज नाही.

तरीही एक ढोबळ हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या वहीत करून पाहावा. आपल्याकडे वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला दहावा हिस्सा खोल मुरला असे मानले, तर एका एकरात सुमारे सव्वातीन लाख लिटर पाणी जमा होते. आंबिया बहाराच्या बागेला जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १५० दिवस, रोजची सरासरी १२ हजार लिटर धरली तरी एकरी १८ लाख लिटर लागतात. म्हणजे एक एकर संत्रा साडेपाच एकरांचा पाझर पितो. शेजारची साडेचार एकर जमीन कोरडवाहू कपाशी-तुरीची असेपर्यंत हे निभावते. सर्वांनीच बाग लावली आणि सर्वांनीच बोअर घेतली की निभावत नाही. धरणाचे किंवा नाल्याचे पाणी ज्यांना मिळते त्यांचा हिशेब वेगळा. जमिनीचा मगदूर व खडक यांप्रमाणेही आकडे खालीवर होतील. पण हिशेबाची दिशा बदलणार नाही.

आता यात सौर पंप कोठे बसतो? डिझेलच्या पंपाला तासाला लिटरभर डिझेल लागते. खिशातून पैसे जात असल्याने झाडाचे भागले की शेतकरी इंजिन बंद करतो. विजेच्या पंपाला भारनियमनाने कुलूप लावले होते. त्रासदायक का होईना, पण ते कुलूप होते. सौर पंपाला डिझेल नाही, बिल नाही, रात्रपाळी नाही. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषी पंपांना मोफत वीज देणारी योजना आल्यापासून विजेच्या पंपावरही बिलाचा लगाम राहिलेला नाही. जुने सर्व लगाम एकदम सुटले आहेत. खरे पाहता ५ अश्वशक्तीचा सौर पंप दिवसभरात जेवढे पाणी काढतो, त्यापेक्षा पूर्ण दाबाने आठ तास चालणारा विजेचा पंप जास्त काढू शकतो. तेव्हा एकट्या सौर पंपाला दोष देणे न्यायाचे होणार नाही. धोका आहे तो 'ऊन फुकट आहे तर चालू दे' या सवयीचा, आणि अनुदानाचा पंप मिळतो म्हणून नवीन बोअर मारण्याचा.

येमेन देशात असेच घडले. तेथे २०१५ नंतरच्या युद्धात डिझेल मिळेनासे झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर सौर पंप बसवले. पिके वाचली, पण सना शहराच्या खोऱ्यात आधीच खोल गेलेल्या पाण्याचा उपसा आणखी सोपा झाला.

हे ध्यानात घेऊन 'पीएम-कुसुम'च्या मार्गदर्शक सूचनांत एक अट घातली गेली: भूजल अतिशोषित असलेल्या भागात स्वतंत्र सौर पंप द्यावयाचा तर तो चालू डिझेल पंपाच्या जागी आणि सूक्ष्म सिंचन असेल तरच द्यावा. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यातही ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. गावोगाव बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे जाते हे आपण सारे जाणतो. कायदा कागदावर राहतो आणि विहीर मात्र आटते.

धुंडीच्या शेतकऱ्यांनी काय केले?

गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचे लहान गाव आहे. तेथील सहा शेतकऱ्यांनी २०१५-१६ मध्ये एका संशोधन संस्थेच्या मदतीने सौर पंपांची सहकारी मंडळी स्थापन केली. त्यांचे पंप वीज वाहिनीला जोडले गेले. ओलित नसेल त्या वेळी पॅनेलची वीज वाहिनीत जाई आणि वीज कंपनी युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने ती विकत घेई. पंचवीस वर्षांचा करार झाला. पंप विनाकारण चालवला तर आता शेतकऱ्याचे पैसे बुडत होते! पाणी वाचवण्यासाठी कोणी उपदेश केला नाही, दंडही लावला नाही. वाचलेल्या विजेला भाव मिळाला एवढेच. गुजरात शासनाने २०१८ मध्ये याच धर्तीवर मोठी योजना आखली.

आपल्याकडच्या सुट्या सौर पंपात ही सोय नाही. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेला ताण देतो तेव्हा, आणि पावसाळ्याचे चार महिने, प्लेटा बहुतेक रिकाम्या उन्हात उभ्या असतात. वर्षातला जवळजवळ निम्मा काळ ही वीज वाया जाते. पंपाच्या नियंत्रकावर कडबा कुट्टी किंवा पिठाची लहान गिरणी चालवता येईल असे सर्वोपयोगी नियंत्रक निघाले आहेत. पंप घेताना पुरवठादाराकडे त्याची चौकशी जरूर करावी.

गावची वाहिनीच सौर करण्याचा मार्ग

सुट्या पंपापेक्षा वेगळा असा दुसरा मार्ग आहे, आणि ज्यांच्या शेतात आधीच विजेची जोडणी आहे त्यांच्यासाठी तो अधिक बरा असे आमचे मत आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्यावर शेतीची पूर्ण वाहिनी चालवावयाची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि आपल्या विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या गावांची सुरुवातीला निवड झाली होती. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आला. या प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. म्हणून वीज कंपनीलाही ते परवडते. एक मेगावॅटचा प्रकल्प चार-पाच एकरांत बसतो आणि भर उन्हात ५ अश्वशक्तीचे सुमारे दोनशे पंप चालवू शकतो. पावसाळ्यात व ताणाच्या काळात ही वीज वाया न जाता इतरांच्या उपयोगी पडते. शेतकऱ्याला आपली जुनी मोटार आणि स्टार्टर बदलावा लागत नाही, प्लेटांची चोरी होईल ही भीती राहत नाही, आणि रात्री रानडुकरांच्या व सापांच्या भीतीत दांडावर उभे राहावे लागत नाही.

या योजनेत खाजगी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये व त्यावर दरसाल ३ टक्के वाढ असे भाडे ठरले होते. ग्रामपंचायतीलाही तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये देण्याची तरतूद होती. येथे एक सावधगिरी हवी. प्रकल्पासाठी गावाची ई-क्लास जमीन सर्वांत आधी पुढे केली जाते, कारण ती मोकळी दिसते. ज्यांच्या घरी दोन बकऱ्या आणि एक गाय एवढेच आहे, त्यांच्यासाठी ती मोकळी नसते. ठराव करण्यापूर्वी ग्रामसभेत गुराख्यांना व भूमिहीनांना बोलवावे, चराईसाठी कोणता तुकडा राखणार हे ठरावातच लिहावे. खडकाळ, पडीक जमीन उपलब्ध असेल तर तीच द्यावी.

वाहिनी सौर झाली तरी जमिनीखालच्या पाण्याचा प्रश्न तसाच राहतो, हे मात्र विसरू नये. दिवसा खात्रीची वीज मिळाली की सर्व पंप एकाच वेळी सुरू होतात. शेजारच्या दोन बोअर एकमेकींचे पाणी ओढतात.

मग कोणी काय करावे?

ज्यांची विहीर उथळ आहे, वीज जोडणी नाही आणि डिझेलवर ओलित चालते, त्यांनी सौर पंप निःशंक घ्यावा. सोबत ठिबक असावेच. ज्यांच्याकडे वीज आहे त्यांनी आपली वाहिनी सौर होणार आहे का याची महावितरणच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. ज्यांचे पाणी ६० मीटरच्या खाली गेले आहे, त्यांनी ७.५ अश्वशक्तीच्या मागे लागू नये. मोठा पंप आटत्या बोअरमधून पाणी निर्माण करीत नाही, फक्त लवकर संपवतो. अशा बागायतदारांनी त्याच पैशात व श्रमात विहीर पुनर्भरण, नाला खोलीकरण आणि दोन ओळींत आच्छादन ही कामे आधी करावीत. योजनांच्या अटी व अनुदानाचे प्रमाण वेळोवेळी बदलते, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी ते पुन्हा तपासून घ्यावे.

फुकटचे पाणी झाडालाही मानवत नाही. बुंध्याशी सतत ओल राहिली की डिंक्या व मूळकुज यांना आमंत्रणच. दुहेरी आळे करून बुंधा कोरडा ठेवावा आणि भारी जमिनीत तर पाणी हात राखूनच द्यावे. सौर पंपाला वेळेचे स्वयंचलित बटण बसवून घेतले, तर ठरलेल्या तासांनंतर तो आपोआप बंद होतो. खर्च थोडा आहे.

रिद्धपूरच्या लोकांना एक जुनी गोष्ट नव्याने सांगायला नको. पाण्यासाठी कासावीस झालेल्या मातंगांना गोविंदप्रभूंनी विहीर काढून दिल्याचे महानुभाव वाङ्मयात सांगितले आहे. विहीर कोणाच्या जमिनीत आहे आणि पाणी कोणाचे आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे या गावाला सातशे वर्षांपासून माहीत आहे. २०२० पासून राबवल्या गेलेल्या अटल भूजल योजनेत मोर्शी, वरूड व चांदूर बाजार या तालुक्यांतील गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडण्यास सुरुवात केली. ते कागद ग्रामपंचायतीत असतील तर काढून वाचावेत. नसतील तर एका पांदणीवरच्या दहा-बारा विहीरवाल्यांनी मिळून तो स्वतः मांडावा.

त्यासाठी लागते एक दोरी, टोकाला वजन आणि दर मीटरला गाठ. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये. आपणही त्याच महिन्यांत मोजावे. आदल्या रात्रीपासून पंप बंद ठेवून सकाळी दोरी सोडावी, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहावे. बोअरचे तोंड बंद असेल तर पंप काढण्याच्या वेळी मोजमापाची नळी टाकून घ्यावी. पहिले माप या येणाऱ्या महिन्यात घ्यावे, आणि सौर पंपाचा अर्ज भरताना अश्वशक्तीच्या रकान्यापुढे काय लिहावे हे त्या वहीकडे पाहून ठरवावे.